इटियाडोहच्या पाण्यावर समुद्राची तालीम: मासळीच्या पिंजऱ्यांना वीज देणारं लाट-यंत्र कसं तपासायचं

विदर्भाला समुद्र नाही, पण वारा लागेल इतकं लांब-रुंद पाणी भरपूर आहे. इटियाडोह, गोसेखुर्द, ऊर्ध्व वर्धा, असोलामेंढा यांपैकी कुठल्याही जलाशयाच्या पूर्वेकडच्या काठावर मे महिन्यातल्या दुपारी तीन वाजता उभं राहिलं, की वीतभर उंचीच्या लाटा एकामागून एक येताना दिसतात. या लाटांवर गावाला वीज मिळणार नाही. पिंजऱ्याजवळचा एक बल्बही त्यांच्या भरवशावर ठेवू नये. मात्र खुल्या समुद्रातल्या मत्स्यपालनासाठी लाटेवर चालणारं यंत्र बनवायचं असेल, तर त्याच्या एकास दहा प्रतिकृतीला ही वीतभर लाट म्हणजे खरा समुद्रच. डेन्मार्कच्या निस्सुम ब्रेडनिंग खाडीत २००३ पासून ‘वेव्ह ड्रॅगन’ या लाटेवर वीज बनवणाऱ्या यंत्राची लहान आवृत्ती अशीच उथळ, आडोशाच्या पाण्यात तपासली गेली. आयर्लंडच्या गॉलवे उपसागरात तर एकचतुर्थांश आकाराच्या यंत्रांसाठी वेगळी जागाच राखलेली आहे.

पॉलिटेक्निक किंवा अभियांत्रिकी कॉलेजचा गट, आयटीआयचं वर्कशॉप आणि तलावावरची मच्छीमार संस्था एवढी जुळणी झाली, की पुढचं सगळं जिल्ह्याच्या गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातून आणि मागवलेल्या चार सेन्सरांतून उभं राहतं. क्रम मात्र मोडू नका: आधी पिंजऱ्याचा वीजखर्च, मग लाटेचं मोजमाप, यंत्र सगळ्यात शेवटी. बहुतेक गट आधी यंत्र बनवतात, म्हणून पुढे त्यांच्या हातात पाण्यावर डुलणाऱ्या ड्रमचा व्हिडिओ उरतो, आकडा उरत नाही.

वीज किती लागते ते आधी मांडा

समुद्रातल्या बारा पिंजऱ्यांचा एक संच धरू. खाद्य ठेवायला आणि हवेच्या जोरावर नळीतून पिंजऱ्यात फेकायला एक तराफा लागतो. त्यावरचा ५.५ किलोवॅटचा ब्लोअर दिवसाला ४ तास चालला तर २२ युनिट. पाण्याखालचे २४ कॅमेरे, प्रत्येकी ६ वॅट, १० तास: १.४४ युनिट. प्राणवायू-तापमानाचे सेन्सर, नोंदयंत्र आणि मोडेम मिळून २० वॅट चोवीस तास: ०.४८. रात्री होड्यांना पिंजरे दिसावेत म्हणून २ वॅटचे ८ दिवे, १२ तास: ०.१९. तराफ्यावरच्या खोलीतले दिवे, पंखा, चार्जिंगला दीड युनिट. बेरीज साधारण २५.६ युनिट, म्हणजे चोवीस तासांची सरासरी १.०७ किलोवॅट.

यंत्राने लाटेतून ओढलेली सगळी ताकद बॅटरीपर्यंत पोचत नाही. हायड्रॉलिक, जनित्र, चार्जर आणि बॅटरी यांत मिळून निम्मी गळते असं धरून चाला. म्हणजे लाटेतून सरासरी २.२ किलोवॅट ओढता आले पाहिजेत. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. पुढची सगळी तपासणी याच्याशी ताडून बघायची आहे.

या यादीत एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, मुद्दाम घेतलेला नाही. समुद्रात प्रवाह बहुधा पाणी बदलत राहतो. जलाशयातल्या पिंजऱ्यांचं तसं नसतं, आणि तिथे एक घातक गंमत आहे. पाण्यातला प्राणवायू खाली जातो तो ढगाळ दिवसानंतरच्या, वारा पूर्ण पडलेल्या पहाटे. मासा तोंड वर काढतो त्या वेळी लाट झोपलेली असते. म्हणून माशांचा जीव ज्यावर अवलंबून आहे ती वस्तू फक्त लाटेवर टांगायची नाही, समुद्रातही नाही. जलाशयातल्या १ अश्वशक्तीच्या एरेटरला पहाटेचे ४ तास चालायला ३ युनिट लागतात. त्यासाठी दीड किलोवॅटचे सौर पॅनल आणि ४८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लिथियम फॉस्फेट बॅटरी हा सरळ मार्ग आहे. लाट-यंत्राच्या नादात हा खर्च पुढे ढकलू नका.

तलावातली लाट म्हणजे किती?

लाट वाऱ्याच्या वेगावर आणि वारा पाण्यावरून किती अंतर वाहत आला यावर ठरते. ढोबळ हिशोब असा: वाऱ्याचा वेग मीटर प्रतिसेकंदात घ्या, पाण्यावरचं अंतर मीटरमध्ये घेऊन त्याचं वर्गमूळ काढा, दोघांचा गुणाकार करून ०.०००५ ने गुणा. उत्तर लाटेची उंची मीटरमध्ये. ५ मीटर प्रतिसेकंद वारा, म्हणजे ताशी १८ किलोमीटर, २ किलोमीटर पाण्यावरून आला तर उंची ११ सेंटिमीटर आणि दोन शिखरांमधला वेळ सुमारे १.३ सेकंद. ८ मीटर प्रतिसेकंद वारा आणि ४ किलोमीटर पाणी असेल तर पाव मीटर आणि २ सेकंद.

आता दहापट करताना सगळं दहाने गुणायचं नसतं, आणि इथेच हिशोब घसरतात. लांबी आणि उंची १० पट. वेळ आणि वेग १० च्या वर्गमुळाने, म्हणजे ३.१६ पट. वजन आणि बल १००० पट. शक्ती ३१६२ पट. तलावातली ११ सेंटिमीटर, १.३ सेकंदांची लाट समुद्रात १.१ मीटर आणि ४.१ सेकंदांची झाली. बल आणि शक्ती यांना शेवटी १.०२५ ने गुणायचं, कारण समुद्राचं पाणी तलावाच्या पाण्याहून तेवढं जड.

उलट बाजूने बघा. समुद्रातले २.२ किलोवॅट म्हणजे प्रतिकृतीत जेमतेम ०.७ वॅट. मोबाइलच्या चार्जरपेक्षाही कमी. बेअरिंगने ०.१ वॅट खाल्ला तर समुद्राच्या हिशोबात ३०० वॅट बुडाले असं दिसतं, आणि मोठ्या यंत्रात प्रत्यक्षात ते तसं बुडणार नसतात. घर्षण हजारपटीच्या नियमाने लहान होत नाही. पुढची अर्धी मेहनत या एका गोष्टीसाठी आहे.

जागा, परवानगी आणि हंगाम

जलाशय पाटबंधारे विभागाचा, मासेमारीचा ठेका संस्थेचा. दोघांची लेखी संमती घ्या. पेंचचा तोतलाडोह व्याघ्र प्रकल्पात येतो, त्याचा विचारच सोडा. नवेगावबांधला वनविभागाला विचारल्याशिवाय खुंटीही ठोकू नका. संस्थेच्या ढिवर बांधवांबरोबर एक फेरी डोंग्यातून मारा. कुठल्या पट्ट्यात जाळी लागतात, तळाशी जुनी झाडांची खोडं कुठे आहेत, कालव्याला पाणी सुटलं की काठ कुठवर सरकतो, हे कुठल्याही नकाशात नसतं. त्यांना सगळं पाठ असतं.

उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून यंत्र ज्यावर बसवायचं ती चौकट पूर्वेकडच्या बाजूला, पण काठापासून दूर. दगडी पिचिंग असलेल्या पाळीवर आपटून लाट परत फिरते आणि येणारी-जाणारी लाट एकत्र मोजली जाते. बेशरमाची झुडपं किंवा गवत असलेला उतरता काठ लाट गिळून टाकतो, तो चांगला. खोली निदान ३ मीटर हवी. २ सेकंदांच्या लाटेची लांबी सव्वासहा मीटर असते आणि तिच्या निम्म्यापेक्षा पाणी उथळ असेल तर तळ लाटेला बिघडवायला लागतो.

मार्च ते मे दुपारी, आणि मिरगाच्या सुमारास सकाळपासून, असा वारा मिळतो. मात्र याच दिवसांत वावधान, म्हणजे वादळी वारा, येतं आणि विजा पडतात. पाण्यात लोखंडी चौकट आणि तिच्यावर बसलेला माणूस! गडगडाट कानावर आला की उपकरणं तिथेच सोडून काठावर यायचं. डोंग्यातल्या प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट, पोहता येणाऱ्याच्याही.

चौकट

५० मिलिमीटर व्यासाचे ६ मीटर लांबीचे चार जीआय पाइप, तळात मीटरभर ठोकलेले, दीड मीटर चौकोनात. पाण्याच्या वर दोन पातळ्यांवर आडवे आणि तिरपे पाइप क्लॅम्पने बांधा, वेल्डिंग नको, कारण उद्या जागा बदलावी लागेल. वर फळी टाकून एक माणूस बसवा आणि दुसऱ्याला डोंग्यातून चौकट ढकलायला सांगा. माथा १ सेंटिमीटरपेक्षा जास्त हलला तर आणखी तिरपे आधार द्या. मोजायची हालचाल पाच-सहा सेंटिमीटरची आहे, त्यात एक सेंटिमीटर चौकटच हलली तर आकड्याला अर्थ नाही.

यंत्राची बिजागरी ज्या आडव्या पाइपवर बसते तो वर-खाली सरकवता आला पाहिजे. कालवा सुरू असताना पाणी रोज उतरतं. पाणी ५ सेंटिमीटर उतरलं की ८० सेंटिमीटरचा हात साडेतीन अंश खाली कलतो आणि कालच्या मापाशी आजचं जुळत नाही. एका पायावर रंगाने सेंटिमीटरच्या खुणा करा आणि रोज सकाळी पाण्याची पातळी लिहा.

लाट मोजायची कशी

तळाशी दाबाचा सेन्सर ठेवायचा मोह होतो, कारण तो तयार मिळतो. पण १.३ सेकंदांच्या लाटेचा दाब ३० सेंटिमीटर खाली निम्मा होतो आणि मीटरभर खाली जेमतेम एक दशांश उरतो. तळावरचा सेन्सर इमानदारीने सपाट रेघ काढून देतो आणि लोक समजतात की लाटच नाही.

उत्तम उपाय धारितेच्या (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेच्या) तारेचा. टेफ्लॉनचं आवरण असलेली बारीक तार ६० सेंटिमीटर उंच ताणून पाण्यात उभी करायची, खालचं टोक एपॉक्सीने पूर्ण बंद. शेजारी स्टीलची उघडी सळी. तार आणि पाणी मिळून कपॅसिटर बनतो. पाणी चढलं की धारिता वाढते, ती ५५५ टायमरच्या सर्किटने वारंवारतेत बदलून मोजायची. दोन उघड्या सळ्यांमधला रोध मोजायची पद्धत सोपी आहे, पण पाणी तापलं की तिचं माप बदलतं, आणि इकडचं पाणी सकाळी एक तर दुपारी भलतंच असतं.

रोज सकाळी, पाणी शांत असताना, तार क्लॅम्पवर ५-५ सेंटिमीटर वर-खाली करून पाच ठिकाणी वाचन घ्या. पाचही बिंदू एका सरळ रेघेत यायला हवेत. एखादा २ मिलिमीटरपेक्षा जास्त चुकला तर आधी तार ओल्या कापडाने पुसा. दोन-तीन दिवसांत तिच्यावर शेवाळाचा बुळबुळीत थर चढतो. पाणी खाली गेलं तरी हा थर ओलाच राहतो, आणि लाटेचा खळगा खरा असतो त्याहून उथळ दिसतो. बोट फिरवलं की कळतं.

तार यंत्राच्या पुढे, वाऱ्याच्या बाजूला निदान ३ मीटरवर हवी. यंत्र स्वतः हलताना लाटा फेकतं, त्या यात मिसळायला नकोत. सेकंदाला २० वाचनं, सलग २० मिनिटं, ही एक नोंद. वाचनांचं प्रमाण विचलन (ती सरासरीपासून किती विखुरली ते) गुणिले ४ ही लाटेची उंची. लाटेने सरासरी पातळी वर जाताना किती वेळा ओलांडली त्यावरून सरासरी काळ काढा, त्याला साधारण १.२ ने गुणलं की शक्तीच्या हिशोबाला लागणारा ऊर्जेचा काळ मिळतो. उंचीचा वर्ग गुणिले ऊर्जेचा काळ गुणिले ०.४९ म्हणजे लाटेच्या प्रत्येक मीटर रुंदीतली शक्ती, किलोवॅटमध्ये. ११ सेंटिमीटर आणि १.१७ सेकंदांना हे ७ वॅट प्रतिमीटर येतं. सगळ्या तलावाचा मिळून विचार करणाऱ्यांनी हा आकडा दोनदा वाचावा.

प्रतिकृती

समुद्राच्या यंत्रांत अनेक घराणी आहेत. केरळात विळिंजमला १९९१ मध्ये आयआयटी मद्रासने उभारलेलं यंत्र हवेच्या खोलीचं होतं: लाट आत चढते, हवा टर्बाइनमधून बाहेर ढकलते. २०२२ च्या नोव्हेंबरात त्याच संस्थेने तुतिकोरिनच्या किनाऱ्यापासून ६ किलोमीटरवर तपासलेलं ‘सिंधुजा-१’ हे तरंगत्या बोयाचं होतं, क्षमता १०० वॅट. चीनमध्ये २०१९ मध्ये आलेला ‘पेंगहू’ हा मत्स्यपालनाचा तराफा स्वतःच्याच अंगावर लाट आणि सूर्य दोन्हींची वीज बनवतो.

तलावातल्या तपासणीसाठी हवेच्या खोलीचं यंत्र निवडू नका. लहान प्रतिकृतीत हवा हवी तशी दबत नाही, आणि ती दबावी म्हणून हवेचा कप्पा हजाराऐवजी शंभर या पटीत ठेवावा लागतो, म्हणजे डोक्यावर मोठी टाकी आली. बिजागरीचा हात आणि टोकाला तरंगणारं पिंप हे सगळ्यात कमी फसवतं, आणि समुद्रातही खाद्याच्या तराफ्याला जोडता येतं.

पिंप ४० सेंटिमीटर व्यासाचं, ३० सेंटिमीटर उंच. मरीन प्लायवर फायबरचे दोन थर पुरेत. पाण्यात ८ सेंटिमीटर बुडालं पाहिजे, म्हणजे एकूण वजन सुमारे १० किलो. कमी पडेल तेवढे लोखंडी तुकडे तळाशी घट्ट बसवा, सुटी वाळू नको, ती सरकते. हात २५ मिलिमीटरच्या ॲल्युमिनिअम पाइपचा, बिजागरीपासून पिंपाच्या मध्यापर्यंत ८० सेंटिमीटर. बिजागरीला ६००१ नंबरच्या दोन बेअरिंगा. त्यांचे रबरी सील आणि ग्रीस काढून पातळ तेलाचे दोन थेंब टाका. चार दिवसांनी गंजतील, दोन नव्या टाका. सीलसकट बेअरिंग हाताने फिरवून बघा आणि मग सील काढून, फरक बोटाला लागतो.

पिंप लाटेत तपासायच्या आधी त्याचा स्वतःचा झोका मोजा. शांत पाण्यात ५ सेंटिमीटर दाबून सोडा. वर-खालीचा एक फेरा या मापाच्या पिंपाला ०.८ ते ०.९ सेकंदात व्हायला हवा. लाट १.३ सेकंदांची आहे, म्हणजे पिंप लाटेबरोबर नुसतं चढ-उतार करतं, झोका लागत नाही. झोका लाटेच्या जवळ आणायचा तर पिंपावर वजन ठेवा आणि बिजागरीच्या मागे हात वाढवून तेवढाच तोल साधणारं वजन लावा. बुडणं बदलत नाही, जडत्व वाढतं. ५-५ किलोच्या टप्प्यांनी वाढवून दर वेळी पुन्हा दाबून सोडा.

ब्रेक: इथे जनित्र लावू नका

०.७ वॅटवर चालणारं लहान जनित्र आणि त्याचा गिअर घर्षणातच सगळं खातात. तपासायचं आहे ते यंत्र किती ताकद ओढतं, दिवा लागतो की नाही हे नाही. त्यासाठी चुंबकी ब्रेक बरा: ३ मिलिमीटर जाडीची २० सेंटिमीटर व्यासाची ॲल्युमिनिअमची तबकडी आणि तिच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर निओडिमिअम चुंबकांच्या चार जोड्या. कुठेच स्पर्श नाही, वेग दुप्पट झाला की अडवणूक दुप्पट. हात फार सावकाश फिरतो, म्हणून दात्यांच्या पट्ट्यांनी दोन टप्प्यांत, एकास चार आणि मग एकास पाच, असा वेग २० पट वाढवा. चुंबक आत-बाहेर सरकवून ब्रेकच्या पाच खुणा ठरवा.

हातावर बिजागरीपासून २० सेंटिमीटरवर एक दांडी, तिचं दुसरं टोक ब्रेकच्या मंद आसावरच्या २० सेंटिमीटरच्याच क्रँकला, आणि दांडीच्या मध्ये लोडसेल, म्हणजे बल मोजणारा सेन्सर. ही जागा महत्त्वाची. लोडसेलच्या पुढे पट्ट्यांत जे घर्षण होतं ते यंत्राने ओढलेल्या शक्तीतच मोजलं जातं, त्याची चिंता नाही. लोडसेलच्या आधीचं, म्हणजे बिजागरीचं घर्षण तेवढं डोळ्यांत तेल घालून कमी करायचं. दांडीत कमाल बल अडीच किलोच्या आसपास येतं, म्हणून १० किलोचा लोडसेल पुरतो. ५० किलोचा घेतला तर वाचन खडबडीत येतं.

कोन मोजायला एएस५६०० ही चुंबकी चिप स्वस्त आणि चांगली, पण एका फेऱ्यात तिला ४०९६ पायऱ्याच दिसतात. हात साडेतीन अंश वर-खाली होतो, म्हणजे प्रत्येक बाजूला चाळीसच पायऱ्या. ती वेगवान आसावर बसवा, वीसपट बारीक दिसेल. तिथे पट्टा ढिला असेल तर कोन उडी मारतो, रोज ताण तपासा.

आता सगळ्यांना रडवणारी चूक. लोडसेलबरोबर येणारं, त्याचं वाचन आकड्यात बदलणारं एचएक्स७११ बोर्ड सेकंदाला १० वाचनांवर बेतून येतं आणि त्या वेगावर त्याचं वाचन स्थिरायला ४०० मिलिसेकंद घेतं. १.३ सेकंदांच्या लाटेत ४०० मिलिसेकंद म्हणजे फेऱ्याचा जवळजवळ तिसरा भाग. बल आणि वेग यांची जोडी तुटते आणि शक्तीचा हिशोब चक्क उणे येतो, जणू ब्रेकच लाट बनवतो आहे. बोर्डवरची वेगाची पिन उचलून ८० वाचनांवर टाका, उशीर ५० मिलिसेकंदांवर येतो. तेवढा तरी नोंदींत मागे सरकवून दुरुस्त करा. लाटेची तार, बल, कोन, तिन्ही एकाच कंट्रोलरवर, एकाच घड्याळावर.

दिवसाचा क्रम

पहाटे पाणी आरशासारखं असतं तेव्हा सगळ्या सेन्सरांचं शून्य घ्या, तार कॅलिब्रेट करा, लोडसेलला १ आणि २ किलोची वजनं टांगून बघा, पिंप दाबून सोडून झोका मोजा. झोका कालच्यापेक्षा लवकर विरला तर बेअरिंगला काहीतरी झालं आहे.

वारा उठला आणि पाण्यावर तुरळक पांढरा फेस दिसू लागला की नोंदी सुरू. पहिली २० मिनिटं ब्रेक मोकळा. मग पाच खुणा, पण चढत्या क्रमाने नको, चिठ्ठ्या टाकून. दुपारभर वारा वाढतच जातो आणि चढत्या क्रमाने घेतलं तर वाढत्या वाऱ्याचं श्रेय वाढत्या ब्रेकला जातं. शेवटी पहिली खूण पुन्हा घ्या. दोन्हींत फरक दहा टक्क्यांहून जास्त असेल तर तो दिवस बाजूला ठेवा. मग दांडीत ५० किलोचा लोडसेल बसवून (बंद हातावर बल कितीतरी जास्त येतं) आणि क्रँक खिळीने पूर्ण बंद करून एक नोंद: या वेळी लोडसेलवर येणारं सगळ्यात मोठं बल हजाराने गुणलं की समुद्रातल्या बिजागरीचा बोल्ट कशाला पुरला पाहिजे ते कळतं.

प्रत्येक नोंदीचा हिशोब एकच. बल गुणिले दांडीचा वेग, त्याची २० मिनिटांची सरासरी म्हणजे ओढलेली शक्ती. तिला त्याच २० मिनिटांतल्या लाटेच्या वॅट प्रतिमीटरने भागा. ०.७ भागिले ७, म्हणजे ०.१ मीटर: यंत्राने १० सेंटिमीटर रुंदीतली सगळी लाट गिळली. पिंप ४० सेंटिमीटरचं, म्हणून २५ टक्के. लाट रोज बदलते, त्यामुळे वॅटची तुलना करू नका, या टक्क्यांची करा. ४० टक्क्यांच्या वर गेलात तर आनंद मानायच्या आधी लाटेची तार पुसा.

नोंदी २ सेंटिमीटर उंची आणि ०.२ सेकंद काळ अशा चौकटींच्या तक्त्यात टाका. ज्या चौकटीत तीनपेक्षा कमी नोंदी आहेत तिचा आकडा कुणाला सांगू नका.

मध्येच वाचन विनाकारण सरकलं तर आधी पिंपाकडे बघा. पाणकावळ्याला ही बैठक फार आवडते. लहान पाणकावळा अर्ध्या किलोचा, तो बसला की पिंप ४ मिलिमीटर खाली जातं आणि पंख वाळवत तो पंधरा मिनिटं हलत नाही. पिंपाच्या माथ्यावर आडव्या-उभ्या नायलॉनच्या दोऱ्या ताणल्या की येत नाही. दुसरा त्रास उन्हाचा. मे महिन्यात काळ्या डब्यातलं सर्किट भाजून निघतं, गरम गोंदाने चिकटवलेले सांधे सुटतात. डबा पांढरा, त्याच्यावर दोन बोटं अंतर सोडून पत्र्याचं छप्पर, आणि गोंदाच्या जागी स्क्रू. नट सगळे नायलॉक, म्हणजे हादऱ्याने ढिले न होणारे. हाताच्या दोन्ही टोकांना १५ अंशांवर रबरी थांबे लावा, नाहीतर एका वावधानात क्रँक उलटा होतो.

तरंगत्या तराफ्यावर

चौकटीवरची टक्केवारी ही सगळ्यात चांगली. खऱ्या समुद्रात हात तराफ्याला जोडलेला असतो आणि तराफाही हलतो. म्हणून दुसऱ्या टप्प्यात तराफ्याची एकास दहा प्रतिकृती थर्माकोल आणि प्लायची करा, वजन आणि बुडणं दोन्ही प्रमाणात. ती चार दोऱ्यांनी बांधा, दोरीची लांबी खोलीच्या तिप्पट. नांगर म्हणून वाळूची पोती चालतात, पण काठावर ४० किलो भरणारं पोतं पाण्याखाली २५ किलोचंच उरतं, हिशोब त्या २५ चा करा. लाटेची लांबी तराफ्याच्या लांबीच्या दीड-दोनपट झाली की दोघं एकत्रच वर-खाली होतात आणि मिळकत कोसळते. तराफा लाटेच्या दिशेने लांब ठेवला तर ती थोडी सावरते.

समुद्राच्या पानावर

तक्ता हातात आला की तो कोकण किनाऱ्याच्या लाटांना लावून बघा. पावसाळा सोडला तर तिथला समुद्र बराच शांत असतो. लाट ०.६ मीटर आणि ५ सेकंदांवर आली की मीटरमागे ०.८८ किलोवॅट उरतात. ४ मीटरच्या पिंपाला २५ टक्क्यांनी तेवढेच ०.८८ किलोवॅट. लागतात २.२. उरलेलं सौर पॅनलने भरायचं, कारण हेच महिने लख्ख उन्हाचे असतात. गळती वजा जाता लाटेतून रोज साडेदहा युनिट येतील, तर १५ युनिटांसाठी ४ किलोवॅटचे पॅनल धरा. पावसाळ्यात प्रश्न उलटा: ताकद नको इतकी असते आणि यंत्र वाचवायचं असतं.

तलाव सगळं सांगत नाही. दूरवरून येणारी ८ ते १२ सेकंदांची समुद्री हेल एकास दहाला अडीच ते पावणेचार सेकंदांची होते, ती आपल्या जलाशयात कधीच उठत नाही. त्यासाठी लाटा बनवणारी टाकीच लागते. पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत अनुसंधान शाळेत आणि आयआयटी मद्रासमध्ये अशा सोयी आहेत. खारं पाणी, गंज, पिंपावर बसणारे शिंपले-कालवं, जाळ्यात अडकणारी दोरी, हे समुद्रातच कळेल. जाताना आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या ६२६०० मालिकेतला १०३ क्रमांकाचा दस्तऐवज सोबत असू द्या. सुरुवातीच्या प्रतिकृती कशा तपासाव्यात याचीच ती नियमावली आहे, आणि तुमच्या नोंदी त्या नमुन्यात असतील तर टाकीवाले दारातच परत पाठवत नाहीत.

काम संपलं की चारही पाइप तळातून उपटून काढा, अर्धवट कापून सोडू नका. पाणी चढल्यावर ते दिसत नाहीत आणि पहिलं जाळं तिथेच फाटतं. पोती, दोऱ्या, क्लॅम्प मोजून काठावर आणा आणि संस्थेच्या माणसाला डोंग्यातून नेऊन रिकामी जागा दाखवा.